नियम आधी, बंदूक मागून

दिवाळी अंकात बंदुकीचे काय काम, असा प्रश्न हे पान उघडताच आमच्या भगिनीवर्गाला पडेल. पडावाही. पण ज्या फटाक्यांसाठी घरोघरची मुले आज वडिलांच्या मागे लागली आहेत, त्यांची दारू आणि ठासणीच्या बंदुकीची दारू या सख्ख्या बहिणी आहेत. सोरा, गंधक आणि कोळसा हेच दोघींचे माहेर. शंभर भागांत सुमारे ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा आणि १० भाग गंधक, की झाली बंदुकीची काळी दारू! तेव्हा दिवाळीच्या मुहूर्तावर या विषयाला हात घातला, तर तो अगदीच अस्थानी म्हणता येणार नाही.

शिवाय हा विषय शोधायला मी कुठे गेलो नव्हतो. तो पुतण्याच्या घरी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला आयता भेटला.

२०१९ साली आम्ही उभयता अमेरिकेस गेलो होतो. माझा पुतण्या कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराच्या उत्तरेला राहतो. वीसेक वर्षे तो तिथेच आहे. तिथलाच नागरिक झाला आहे. घरात सूनबाई आणि चौदा वर्षांचा नातू. पश्चिमेच्या खिडकीतून रॉकी पर्वताची रांग दिसते. माणसाने दुपारी चहाचा पेला घेऊन तिच्याकडे बघत बसावे आणि संध्याकाळ कधी झाली ते कळू नये, अशी ती जागा.

जुलैमधल्या एका शनिवारी पुतण्या मोठ्या उत्साहाने एक लांब खोके घेऊन घरात आला आणि ते त्याने टेबलावर ठेवले. आत बंदूक!

“काका, ओळखा पाहू.”

मी नळीकडे पाहिले, नळीखालच्या गजाकडे पाहिले आणि म्हणालो, “ठासणीची दिसते आहे.”

आमची ही पोळ्या लाटत होती. तिने लाटणे खाली ठेवले. “ती आधी त्या टेबलावरून उचल,” ती म्हणाली, “मग काय ओळखायचे ते ओळखा.”

बंदूक पडवीत गेली आणि मग सगळा उलगडा झाला. कोलोरॅडोत सप्टेंबरच्या मध्यावर नऊ दिवस फक्त ठासणीच्या बंदुकीने शिकार करणाऱ्यांसाठी राखून ठेवलेले असतात. साध्या रायफलींचा हंगाम त्यानंतर. या नऊ दिवसांत एल्कच्या शिकारीचा परवाना हवा तर एप्रिलच्या आरंभी अर्ज करायचा आणि सोडतीची वाट पाहायची. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा. वयात आलेला नर तीनशे किलोंच्या घरात जातो. पुतण्याने तीन वर्षे अर्ज केले होते. चौथ्या वर्षी नाव लागले. कचेरीतला एक मित्र दुसऱ्या राज्यातून बदलून आला होता. त्याने आपली जुनी बंदूक स्वस्तात देऊ केली आणि स्वारी ती घेऊन घरी आली.

“इतके प्राणी बाजारात मिळतात, मग रानातला कशाला?” असे हिने विचारलेच. पुतण्या म्हणाला, “काकू, बाजारातला प्राणी कसा जगला नि कसा मेला ते मला ठाऊक नसते. याची जबाबदारी माझी राहील. मांसही टाकून देता येत नाही. खाण्याजोगे मांस रानात सोडून आले तर इथे तो गुन्हा आहे.” हिने उत्तर दिले नाही. पण त्या बाबतीतला तिचा शेवटचा शब्द अजून यायचा आहे, हे लग्नाला पंचेचाळीस वर्षे झालेल्या माणसाला निराळे सांगावे लागत नाही.

आता या कथेत माझा प्रवेश कसा झाला ते सांगतो. मी जन्मभर सरकारी कचेरीत खर्डेघाशी केली. परिपत्रक दिसले की ते पहिल्या ओळीपासून तळटीपेपर्यंत वाचायचे, ही खोड सेवानिवृत्तीनंतरही गेली नाही. बंदुकीच्या खोक्याशेजारी ‘कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ’ या तिथल्या सरकारी खात्याची त्या वर्षाची नियमपुस्तिका पडली होती. दुपारभर मी ती वाचून काढली. वाचता वाचता एक गंमतही सापडली. १ जानेवारी १९४९ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या माणसाला तिथे शिकारीचा परवाना घेण्यापूर्वी सुरक्षिततेचा वर्ग पुरा करावा लागतो. माझा जन्म १९४८चा. म्हणजे ज्याने आयुष्यात बंदूक चालवली नाही त्या मला माफी, आणि पुतण्याला परीक्षा!

परंतु पुढच्या पानावर गंमत संपली. ठासणीच्या हंगामाचे कलम मी दोनदा वाचले आणि पुतण्याला हाक मारली.

“अरे, या बंदुकीवर ही दुर्बीण कसली?”

“नेम धरायला. दोनशे वारांवरचे स्पष्ट दिसते, काका.”

“या हंगामात दुर्बीण चालत नाही. साधी माशी आणि खाचच हवी. बरे, गोळ्या दाखव.”

त्याने गोळ्या दाखवल्या. बारीक, तांब्याच्या, आणि प्रत्येकीच्या अंगात प्लॅस्टिकचा अंगरखा. त्याला तिथे सॅबो म्हणतात. गोळी नळीपेक्षा बारीक असली तरी या अंगरख्यामुळे नळीत घट्ट बसते आणि बाहेर पडताच तो गळून पडतो. युक्ती नामी, पण पुस्तिकेत तीही वर्ज्य. मग दारू पाहिली. भुकटी नव्हे, बत्ताशासारख्या तयार वड्या. एक टाका, दोन टाका, मापायची कटकट नको. त्याही वर्ज्य!

पुतण्याचा चेहरा उतरला. “पण ज्याने विकली तो कित्येक वर्षे हिच्यानेच शिकार करत होता.”

“त्याच्या राज्यात करत असेल,” मी म्हणालो. “तिथे तो खराच असेल.”

आणि तो खरा होताच. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकीचा नियम प्रत्येक राज्याचा निराळा. केंद्र सरकारच्या १९६८च्या शस्त्रकायद्यात काळ्या दारूवर चालणाऱ्या आणि तयार काडतूस न घेणाऱ्या ठासणीच्या बंदुकांना बहुतांशी पुराणवस्तूंच्या रांगेत बसवले आहे. पण ती घेऊन रानात कधी जायचे आणि तिच्यावर काय लावायचे, हे राज्य ठरवते. कित्येक राज्यांत दुर्बीण चालते, सॅबोही चालतो. उलट पेनसिल्व्हेनियात नाताळच्या दुसऱ्या दिवशी सुरू होणारा हरणांचा जो हंगाम १९७४पासून चालत आला आहे, त्यात चकमकीची बंदूकच लागते. घोड्याच्या तोंडात गारगोटी, ती पोलादावर आपटायची, ठिणगी कानातल्या दारूवर पडायची आणि मग बार व्हायचा. शेजारच्या राज्यातले लायसन आपल्याकडे चालत नाही म्हटले की आपण समजू शकतो, तसेच हे.

असे का व्हावे? त्याचे कारण समजले की सगळे नियम आपोआप उलगडतात. म्हणून थोडे मागे जाऊ.

ठासणीची बंदूक आपल्याला परकी नाही. १८५७ साली ज्या काडतुसांवरून रान पेटले, ती एन्फिल्ड रायफल ठासणीचीच होती. काडतुसाचा कागद दातांनी फाडायचा, दारू नळीच्या तोंडातून आत ओतायची, वरून गोळी घालून गजाने ठासायची. कागद दातांनी फाडावा लागे, म्हणून त्याला लावलेल्या चरबीचा प्रश्न धर्माचा प्रश्न झाला. मागून भरायचे काडतूस असते तर ते तोंडाला लावायचे कारणच पडले नसते. शाळेत आपण चरबीचे तेवढे शिकलो, नळीचे राहून गेले.

अशा बंदुकीचा बार एकच. पुन्हा भरायला सरावलेल्या माणसालाही अर्धे मिनिट लागते. साध्या माशीने नेम धरायचा म्हणजे मजल शंभर वारांच्या आतबाहेर. म्हणून अमेरिकेतल्या राज्यांनी ठासणीवाल्यांसाठी निराळे दिवस ठेवले. जो जवळ जाईल, एकच बार टाकील आणि बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परतेल, त्याला थोडी निवांत आणि थोडी चांगली वेळ मिळावी. पुढे १९८५ साली टोनी नाइट नावाच्या मिसुरीतल्या कारागिराने एक नवी बंदूक काढली. तिच्यात ठिणगी बाजूने न येता दारूच्या मागून, सरळ रेषेत येई. तशा बंदुका पूर्वीही झाल्या होत्या, पण बाजारात मांड ठोकली ती हिने. मग त्यावर दुर्बीण आली, सॅबो आला, दारूच्या वड्या आल्या. होता होता ठासणीची बंदूक दोनशे वारांवर मारू लागली. आता प्रत्येक राज्यापुढे प्रश्न आला की, सवलत दिली होती ती उणिवेसाठी. उणीव गेली तर सवलत कशाची? कुणी म्हणाले, चालू द्या. कुणी मध्येच रेघ ओढली. कोलोरॅडोची रेघ दुर्बीण, सॅबो आणि वड्यांवर पडली. सरळ रेषेतली ठिणगी मात्र तिने चालू ठेवली. आयडाहोने तिच्यावरही रेघ ओढली.

तर दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकानदार सत्तरीचा, माझ्याच वयाचा. त्याने पुतण्याची बंदूक हातात घेतली आणि पहिली गोष्ट कोणती केली? किंमत विचारली नाही, नाव वाचले नाही. गज नळीत शेवटपर्यंत सोडला, तोंडाशी जिथे आला तिथे बोटाने धरला, बाहेर काढून तो नळीशी समांतर धरला. गजाचे टोक नळीच्या पार बुडापर्यंत पोहोचते, असे पाहिले. म्हणजे आत काही नाही. “जुनी ठासणीची बंदूक,” तो म्हणाला, “भरलेली नाही असे सिद्ध होईपर्यंत भरलेली समजावी.”

ते ऐकून माझ्या अंगावर शहारा आला. त्याचे कारण सांगायला हवे.

आमचे मूळ गाव रत्नागिरीकडे. तिथे माझ्या चुलत्यांकडे, आम्ही त्यांना भाऊ म्हणत असू, शेतसंरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आले की रात्री रानडुकरे येत. मी दहा-बारा वर्षांचा असेन. पावसाळी रात्र होती. भाऊंनी चाप ओढला, केप वाजली, बार झालाच नाही. दारू दमट झाली होती. डुकरे बांधावर उभी. घाईत भाऊंना वाटले, आपण दारू भरायलाच विसरलो. त्यांनी पुन्हा दारू ओतली, पुन्हा गोळी ठासली. या खेपेस बार झाला. नळी फाटली आणि भाऊंच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. पुढे तीस वर्षे ते उरलेल्या तीन बोटांनी सुपारी कातरत. त्या रात्रीविषयी ते एकच वाक्य बोलत: “डुकरे कुठे पळून जात होती?”

दुकानातून घरी येताना पुतण्याला मी हे सगळे सांगितले. भाऊ त्याचेही चुलत आजोबा. बोटे त्याने पाहिली होती. कारण ठाऊक नव्हते.

दुकानदाराने पुतण्यापुढे दोन वाटा ठेवल्या होत्या. हीच बंदूक ठेवायची तर दुर्बीण काढून माशी आणि खाच बसवून घ्या, सॅबोऐवजी नळीच्याच मापाची शिशाची लांबट गोळी वापरा, वड्यांऐवजी सुटी दारू मापून घाला. एवढे केले की ती कोलोरॅडोत चालेल. पण पुतण्याच्या मनात पुढेमागे एका मित्राबरोबर आयडाहोत जायचे होते. तिथल्या ठासणीच्या हंगामात या बंदुकीला लागणारा २०९ नंबरचा प्रायमरच चालत नाही. केप उघडी दिसायला हवी आणि घोडा बाहेर फिरणारा हवा.

“मग दोन्ही राज्यांचा मसावि काढ,” मी म्हणालो. शाळेतले गणित असे सत्तराव्या वर्षी उपयोगी पडले.

मसावि निघाला तो असा. बाजूला घोडा असलेली केपची बंदूक घ्यायची. आपल्या मुलांच्या पिस्तुलातली टिकली असते ना, तिचीच ही तांब्याची थोरली बहीण. केप छोट्या टोपीसारखी नळीच्या बुडाशी असलेल्या बोंडावर बसते. घोडा आपटला की ती फुटते आणि ठिणगी आत जाते. केपेची बंदूक गारगोटीच्या बंदुकीपेक्षा पावसात अधिक भरवशाची. शिवाय काळ्या दारूऐवजी हल्ली जी बदली दारू मिळते ती पेटायला अधिक आच लागते. गारगोटीच्या ठिणगीला ती सहसा दाद देत नाही, केपेला देते.

नळीचा व्यास ०.५० इंच, म्हणजे सुमारे पावणेतेरा मिलिमीटर. कोलोरॅडोत हरणासाठी ०.४० इंच पुरतो, पण एल्कसाठी किमान ०.५० लागतो. हे पुस्तिकेत स्पष्ट आहे. मग नळीच्या आतले पिळाचे आटे. हा भाग पुष्कळांच्या नजरेतून सुटतो. गोल गोळीला पीळ मंद लागतो, जसे ६६ इंचांत एक फेरा. लांबट गोळीला तो जलद लागतो, म्हणजे २८ किंवा ३२ इंचांत एक. चुकीच्या पिळात चांगली गोळीही भरकटते. पन्नासच्या नळीतली गोल गोळी सुमारे १८० ग्रेन वजनाची. लांबट गोळी सहज तिच्या दुप्पट. एल्कसारख्या दांडग्या जनावरासाठी दुकानदाराने लांबट गोळी आणि जलद पीळ सुचवला, तो पुतण्याने मानला.

राहिला प्रश्न डोळ्यांचा. पुतण्याला नुकतीच चाळिशी लागली होती. त्यामुळे मागची खाच अंधूक दिसे, पुढची माशी स्पष्ट. त्यावर दुकानदाराने खाचेऐवजी छोट्या भोकाची लोखंडी चकती बसवून दिली. भोकातून पाहिले की डोळा आपोआप मध्य शोधतो. हिच्यात काच नाही, दिवा नाही, बॅटरी नाही, त्यामुळे नियमात बसते. शेवटी त्याने पुतण्याला डोळे मिटून बंदूक खांद्याला लावायला आणि मग डोळे उघडायला सांगितले. माशी भोकात आपसूक दिसली तर बंदूक अंगाची. मान वाकवून शोधावी लागली तर ती दुसऱ्याची. तिसरी बंदूक अंगाची निघाली. जुनी मित्राला परत गेली. त्याने कुरकुर केली नाही.

मग ऑगस्टभर दर रविवारी सराव. मी कानात बोळे घालून मागच्या बाकावर बसत असे. दारू मापाने घालायची, तीही आकारमानाने, तराजूने नव्हे. डब्यातून थेट नळीत कधीच ओतायची नाही. नळीत निखारा राहिला असेल तर डबाच हातात फुटायचा. आणि आजच्या रायफलीतली धूर न करणारी दारू हिच्यात चिमूटभरही घालायची नाही, कारण तिचा दाब या नळ्यांना सोसत नाही. गजावर पुतण्याने दोन रेघा कोरून घेतल्या: एक नळी रिकामी असतानाची, दुसरी भरलेली असतानाची. ही युक्ती भाऊंना कुणी सांगितली असती तर!

दुसऱ्याच रविवारी केप वाजली आणि बार झाला नाही. पुतण्या बंदूक खाली घेऊ लागला. मी बाकावरून असा ओरडलो की शेजारचे चार गोरे वळून पाहू लागले. “हलवू नकोस! नळी समोर राहू दे!” तो थांबला. दारू कधी कधी आत धुमसत असते आणि उशिराने बार होतो. पूर्ण एक मिनिट तो तसाच उभा राहिला. बार झाला नाही. दुसरी केप लावली, ती चालली. धुराचा ढग उठला, सडक्या अंड्यांचा वास आला. पुतण्याने माझ्याकडे पाहिले, पण बोलला नाही. घरी आल्यावर गरम पाणी आणि साबणाने नळी धुण्याचा कार्यक्रम. तो सूनबाईंच्या भांडी घासण्याच्या मोरीत करायचा नाही, हा त्या घरातला सर्वांत कडक नियम ठरला.

नेमाची परीक्षा आम्ही कागदी बशीवर घेतली. पन्नास वारांवर पाचही गोळ्या बशीत. पंचाहत्तरवर पाचही. शंभरवर दोन. पुढच्या रविवारी शंभरवर तीन.

“पुस्तिकेत अंतराची मर्यादा काय आहे, काका?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “सगळी वाचली. बंदूक कशी असावी ते लिहिले आहे, नारिंगी कपडा किती चौरस इंच हवा तेही लिहिले आहे, पाचशे. तू किती लांबून बार टाकावास ते लिहिलेले नाही.”

पुतण्याने पांढरी चिकटपट्टी घेतली, तिच्यावर ७५ हा आकडा लिहिला आणि ती दस्त्यावर, गालाजवळ, चिकटवली.

हंगाम १४ सप्टेंबरला उघडला. नेमका पितृपक्ष! हिने शेवटचा शब्द उच्चारला: “या पंधरवड्यात घरात शिकार यायची नाही.” पुतण्या हसला आणि म्हणाला, “काकू, तुमची हीच श्रद्धा असेल तर मिळणारच नाही.” तो नऊपैकी सहा दिवस रानात राहिला. परतला तो रिकाम्या हाताने, दाढी वाढलेली, चेहरा उन्हाने भाजलेला.

रात्री जेवताना त्याने सांगितले. पाचव्या दिवशी पहाटे एक नर समोरच्या माळावर आला. हा त्यांच्या माजाचा काळ. नर शीळ घातल्यासारखा लांबलचक आवाज काढतो, दरी त्याने भरून जाते. एकशेवीस वारांवर तो आडवा उभा होता. वारा बरोबर होता. पुतण्याने माशी त्याच्या खांद्यावर धरली. वीस मिनिटे तो जवळ येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही. झाडीत निघून गेला.

नातवाने विचारले, “बाबा, कायद्याने चालले असते ना?”

“चालले असते.”

“मग तुम्ही मारले का नाही?”

पुतण्या म्हणाला, “शंभर वारांवर पाचातल्या दोन माझ्या बाहेर जातात. त्या कागदाला लागल्या नाहीत तर काही बिघडत नाही. त्याच्या पोटात लागली असती तर तो दोन दिवस चालत राहिला असता.”

कुणी काही बोलले नाही. हिने त्याच्या पानात न विचारता आणखी एक पोळी वाढली.

वाचकांपैकी ज्यांची मुले-पुतणे तिकडे आहेत आणि ज्यांना असला छंद लागला आहे, त्यांना कळवण्यासारखे एवढेच. ज्या राज्यात जायचे तिथली त्याच वर्षाची पुस्तिका आधी वाचावी, कारण नियम बदलतात. मग ठिणगी कशी पडते, नळी केवढी, पीळ किती, गोळी कोणती, दारू कोणती आणि नेमाला काय लावले आहे, ही सहा कलमे तिच्याशी ताडून पाहावी. मगच पैसे मोजावे. आणि हौस म्हणून अशी बंदूक भारतात आणण्याचा विचार कुणी करू नये. पुराणी असो वा नवी, आपल्या १९५९च्या शस्त्र अधिनियमाखाली तिला परवान्याची गाठ पडते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आपल्याकडे हौसेची शिकार बंदच झाली आहे. भाऊंची फाटलेली बंदूक आम्ही कधीच पोलिसांकडे जमा केली.

२०२१ साली पुतण्याला पुन्हा परवाना मिळाला. सप्टेंबरात एका रात्री त्याचा फोन आला. या खेपेस नर मिळाला होता, साठ वारांवर. मांस चार घरांत वाटले होते. मी अभिनंदन करीत होतो, इतक्यात हिने फोन माझ्या हातातून घेतला.

“लगेच गेला ना रे?” तिने विचारले.

“हो काकू. वीस पावलेही चालला नाही.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली आणि फराळाचे पार्सल दिवाळीपूर्वी पोहोचायला किती दिवस आधी टाकावे लागेल, ते विचारू लागली.